स्कॉटलंडचं पॉरिज घरी करताना कुठे चुकतं

पॉरिजबद्दलच्या, म्हणजे ओटच्या लापशीबद्दलच्या तक्रारी ठरलेल्या असतात. चिकट झालं. गुठळ्या राहिल्या. बुडाशी लागलं. बेचव लागलं म्हणून वरून मध, केळं, बदाम घालावे लागले. कृती विचारली की उत्तरही ठरलेलं: चपट्या ओट्सचं पाकीट आणलं, ते दुधात घालून गॅसवर चढवलं, साखर घातली आणि पाच मिनिटांत उतरवलं. न्याहारी म्हणून ते ठीकच आहे, पण स्कॉटलंडच्या जुन्या रीतीचं पॉरिज ते नव्हे.

त्या रीतीत पातेल्यात तीनच गोष्टी जातात: ओटची भरड, पाणी आणि मीठ. दूध किंवा साय असते, पण ती वेगळ्या वाटीत, थंडगार, आणि पातेल्यापासून लांब. हायलँड्समधल्या, म्हणजे स्कॉटलंडच्या उत्तरेकडच्या डोंगराळ भागातल्या कारब्रिज गावात १९९४ पासून पॉरिजची जागतिक स्पर्धा होते. तिच्या मुख्य गटाचा नियमही हाच आहे: भरड, पाणी, मीठ, बस. चपटे ओट्स तिथे चालत नाहीत. इतक्या कमी जिनसांत चूक लपवायला जागा उरत नाही, म्हणून तयारी आणि क्रम या दोन गोष्टींवरच सगळं ठरतं.

खालची कृती दोघांसाठी आहे. पहिल्या खेपेला एका टप्प्याचीही अदलाबदल न करता करून पाहा. आवडीनिवडीचे बदल दुसऱ्या खेपेपासून करा.

टप्पा १: भरड ओळखून आणा

बऱ्याच चुका दुकानातच होतात, म्हणून इथे जरा थांबतो.

ओटचा दाणा सोलून भट्टीत कोरडा भाजतात. या भाजण्यामुळे ओटला खमंग वास येतो आणि दाण्यातली चरबी लवकर खवट करणारी विकरं निकामी होतात. इथून पुढे दोन वाटा फुटतात. एका वाटेने दाणा कापतात किंवा जात्यावर भरडतात. ती भरड, म्हणजे स्कॉटलंडमधलं ‘ओटमील’. दुसऱ्या वाटेने दाण्याला वाफ देतात आणि रुळांखाली चपटा करतात. ते आपल्याकडे सर्रास मिळणारे ‘रोल्ड ओट्स’.

पातेल्यात दोघांचं वागणं अगदी वेगळं असतं. चपटा ओट पातळ असतो आणि वाफेने अर्धवट शिजलेला असतो. तो भराभर पाणी पितो, लगेच मऊ पडतो आणि मोडतो. भरडीचा कण बाहेरून आत हळूहळू शिजतो. त्याच्या बाहेरचा स्टार्च आणि बीटा-ग्लुकन नावाचा विरघळणारा तंतू पाण्यात उतरून पाण्याला दाटपणा देतात, आणि कणाचा गाभा मात्र दाताला लागेल इतका शाबूत राहतो. दुधासायीशिवायही पॉरिज मऊसूत लागतं ते यामुळे. चपटे ओट्स कितीही वेळ शिजवले तरी हा परिणाम मिळत नाही.

भरडीचे प्रकार असे:

- पिनहेड, म्हणजेच ‘स्टील-कट’: अख्खा दाणा दोन-तीन तुकड्यांत कापलेला, साधारण लापशी रव्याइतका. आधी भिजवावा लागतो, शिजायला वेळ घेतो.
- मीडियम: जाड रव्याइतकी, सोबत थोडं पीठ असलेली. रोजच्या पॉरिजला सगळ्यात सोयीची.
- फाइन: बारीक रव्याइतकी. एकट्या फाइन भरडीचं पॉरिज गुळगुळीत होतं, गुठळ्याही याच्याच जास्त होतात. थोडी मीडियममध्ये मिसळायला चांगली.

मीडियमपेक्षा जाड आणि पिनहेडपेक्षा बारीक अशी ‘कोर्स’ भरडही असते, पण ती दुकानात क्वचितच दिसते.

एडिनबरा, ग्लासगो, ॲबर्डीनला शिकायला किंवा नोकरीला असलेल्यांनी पाकिटावर ‘मीडियम ओटमील’ किंवा ‘पिनहेड ओटमील’ हे शब्द शोधावेत. स्कॉट्स पोरिज ओट्सच्या पाकिटावर किल्ट घातलेला गोळाफेकपटू आहे म्हणून बरेच जण तेच उचलतात. आत चपटे ओट्स असतात. चित्र पाहू नका, शब्द वाचा.

महाराष्ट्रात मीडियम भरड मिळणं कठीण. ‘स्टील-कट ओट्स’ मात्र मोठ्या दुकानांत आणि ऑनलाइन मिळतात. ते तसेच वापरता येतात, नाहीतर घरी मीडियम करून घेता येतात. कोरड्या मिक्सरच्या भांड्यात मूठ-दोन मूठ घ्या, दोन-तीन सेकंदांचे झटके द्या, प्रत्येक झटक्यानंतर भांडं हलवा. जाड रव्याइतके कण दिसले की थांबा. थोडं पीठ पडणारच, ते राहू द्या, दाटपणाला उपयोगी पडतं. सलग फिरवलंत तर भांडं तापतं आणि हाती पीठ येतं. घरी भरडलेलं चार-पाच दिवसांपुरतंच करा.

*सावध:* ‘इन्स्टंट’ आणि ‘मसाला ओट्स’ या कृतीला चालत नाहीत. ओटचं पीठ आणि ओटचा कोंडाही नाही. ग्लुटेन वर्ज्य असलेल्यांनी ‘ग्लुटेन-फ्री’ लिहिलेलं पाकीटच घ्यावं, कारण ओट आणि गहू बऱ्याचदा एकाच गिरणीतून जातात. त्याच कारणाने अशा घरी गव्हाच्या चक्कीवर ओट दळून आणू नयेत.

*तपासा:* पाकीट फोडल्यावर वास घ्या. ताज्या भरडीला भाजक्या धान्याचा, किंचित गोडसर वास येतो. रंगाच्या डब्यासारखा किंवा जुन्या तेलासारखा वास आला तर भरड खवट झाली आहे. मीठ वाढवून किंवा जास्त शिजवून ती सुधारत नाही. ओटमध्ये गहू-तांदळापेक्षा चरबी बरीच जास्त असते. स्कॉटलंडच्या थंडीत भरड पेटीत दाबून भरून महिनोन्महिने ठेवत. मुंबई-कोकणच्या दमट हवेत घट्ट झाकणाच्या डब्यात, फ्रिजमध्ये ठेवा.

टप्पा २: मोजमाप

जुनं माप माणशी एक मूठ भरड आणि एक मोठा पेला पाणी. ग्रॅममध्ये साधारण ३५ ग्रॅम भरडीला २८० मिली पाणी. म्हणून दोघांसाठी:

- मीडियम भरड ७० ग्रॅम (पिनहेड असेल तर ८० ग्रॅम)
- पाणी ५६० मिली
- मीठ सपाट अर्ध्या चमच्याला थोडं कमी, चहाच्या चमच्याने
- वरचेवर लागेल तसं घालायला एक वाटी उकळतं पाणी, शेजारच्या बर्नरवर
- खाताना: प्रत्येकी एक वाटी थंड दूध किंवा पातळ साय

शक्यतो वजनकाटा वापरा. पिनहेडची वाटी आणि मीडियमची वाटी सारख्या वजनाची नसते, त्यामुळे वाटीने मोजल्यावर एकदा घट्ट, एकदा पातळ असं होत राहतं.

पहिल्यांदा ७० ग्रॅमला ५६० मिली पाणी ऐकून बहुतेक जण घाबरतात आणि पाणी कमी करतात. करू नका. पहिली दहा मिनिटं ते पातळच दिसेल आणि तसंच दिसायला हवं.

टप्पा ३: आदल्या रात्रीचं भिजवणं (फक्त पिनहेडसाठी)

मीडियम आणि फाइन भरड भिजवायची नाही. पिनहेड भिजवला नाही तर ४० ते ५० मिनिटं शिजवावा लागतो आणि तरी काही कण कच्चे राहतात.

मोजलेल्या ५६० मिली पाण्यातलं निम्मं पाणी पिनहेडवर ओता, झाका, रात्रभर ठेवा. हे पाणी फेकू नका, दाटपणा देणारा बराच भाग त्यात उतरलेला असतो. सकाळी उरलेल्या निम्म्या पाण्याला उकळी आणून त्यात भिजलेलं सगळं, पाण्यासकट, ओतायचं.

*सावध:* स्कॉटलंडमध्ये हे भांडं ओट्यावर राहतं. आपल्याकडे मार्चनंतर ते फ्रिजमध्येच ठेवा, नाहीतर सकाळपर्यंत आंबूस वास येतो. भिजवताना मीठ घालू नका.

टप्पा ४: पातेलं, काठी आणि आच

पातेलं जाड बुडाचं हवं आणि मोठं हवं. अर्धा लिटर पाण्यासाठी निदान दोन लिटरचं घ्या, कारण सुरुवातीला फेस चढतो. पातळ बुडाचं स्टीलचं पातेलं असेल तर खाली लोखंडी तवा ठेवा. आपल्या गॅसचा सगळ्यात छोटा बर्नर, सगळ्यात मंद आच आणि खाली तवा, एवढी जुळणी पॉरिजला पुरते.

ढवळायला स्कॉटलंडमध्ये स्पर्टल वापरतात: साधारण एक फूट लांबीची गोल, गुळगुळीत लाकडी काठी. कारब्रिजच्या विजेत्यालाही सोनेरी स्पर्टलच मिळतो. चपटा चमचा किंवा पळी दाट पॉरिज ढकलत नेते आणि मागे सांदीत गुठळ्या सोडते. गोल काठी पॉरिज कापत जाते, शिवाय पातेल्याच्या कडेच्या कोपऱ्यातही शिरते. स्पर्टल नसेल तर लाकडी चमचा उलटा धरून त्याच्या दांड्याने ढवळा. तिखट-हळदीच्या पदार्थांचा दांडा मात्र नको, लाकूड वास धरून ठेवतं आणि पॉरिजला तो लपवता येत नाही.

काहीजण प्रेशर कुकरचा सोपा मार्ग सुचवतात. भरड थेट कुकरमध्ये शिजवू नका. ओटचा फेस चढून शिट्टीच्या नळीत अडकू शकतो, ते धोक्याचं आहे.

टप्पा ५: आधण आणि वैरणं

या टप्प्यावर गुठळ्या होणार की नाही हे ठरतं.

१. पाण्याला खळखळून उकळी आणा. नुसतं गरम पाणी चालत नाही. कोमट पाण्यात भरडीतलं पीठ आधी ओलं होऊन एकमेकांना चिकटतं, कण नंतर भिजतात.

२. काठी उजव्या हातात घ्या आणि आधी पाणीच गोल फिरवायला लागा.

३. डाव्या मुठीत भरड घ्या. मूठ पातेल्यापासून वीतभर उंच धरा आणि बोटांच्या फटीतून भरड बारीक धारेने उकळत्या पाण्यात वैरा. उजवा हात थांबता कामा नये. धार जिथे पडते तिथे पाणी हलतं असलं पाहिजे.

४. एवढी भरड वैरायला दीड-दोन मिनिटं लागावीत. मध्येच उकळी बसली तर धार थांबवा, उकळी पुन्हा येऊ द्या, मग पुढे चालू ठेवा.

रीतीप्रमाणे ढवळायचं ते घड्याळाच्या काट्याच्या दिशेने, सूर्य जातो तसं. आपली प्रदक्षिणाही त्याच दिशेने असते. उलट ढवळणं स्कॉटलंडमध्ये अशुभ मानत. चवीत याने फरक पडत नाही, पण दिशा एक ठेवण्याचा एक फायदा होतो: हात लयीत चालतो आणि मध्येच थांबत नाही. मी ही रीत पाळतो.

पिनहेड भिजवलेला असेल तर मुठीने वैरायचा प्रश्न नाही. तो उकळत्या पाण्यात हळूहळू ओता आणि उकळी परत येईपर्यंत ढवळत राहा.

*तपासा:* सगळी भरड गेल्यावर काठी वर उचला. पाणी जरा पांढुरकं, पातळ असावं आणि कण सुटे फिरताना दिसावेत. गुठळ्या दिसल्या तर त्या याच क्षणी पातेल्याच्या कडेला दाबून फोडा. दहा मिनिटांनी बाहेरून शिजलेली गुठळी फुटली तरी आतून कोरडं पीठच निघतं.

*सावध:* भरड गेल्यावर पहिली तीन-चार मिनिटं पातेलं सोडून जाऊ नका. याच वेळात ते उतू जातं.

टप्पा ६: मंद आचेवरचा वेळ

उकळी परत आली की आच अगदी कमी करा, खाली तवा सरकवा आणि झाकण तिरकं ठेवा. वर सावकाश एखाद-दुसरा बुडबुडा फुटत राहील एवढीच आच हवी. रटरट आवाज येत असेल तर ती जास्त आहे.

वेळ अशी धरा:

- फाइन: १५ ते २० मिनिटं
- मीडियम: २५ मिनिटं, घाई नसेल तर ३०
- भिजवलेला पिनहेड: ३० ते ३५ मिनिटं

सतत ढवळत बसू नका. सतत घोटल्याने कणांच्या कडा झिजतात आणि पॉरिज चिकट होतं. दर चार-पाच मिनिटांनी काठी तळापर्यंत नेऊन पाच-सहा वेळा फिरवा आणि पुन्हा झाका. काठीला तळाशी खरखरीत लागलं तर आच जास्त आहे. काळपट लागलेलं दिसलं तर खरवडू नका, वरचं पॉरिज दुसऱ्या पातेल्यात ओतून घ्या. तळ खरवडला की करपट वास सगळ्यात उतरतो.

दहाव्या मिनिटाच्या आसपास ‘हे खूप पातळ आहे’ असं वाटेल आणि मूठभर भरड वाढवायचा मोह होईल. थांबा. सोळाव्या-सतराव्या मिनिटापासून ते आपोआप बांधून येतं. उलट फारच घट्ट होत असेल तर शेजारचं उकळतं पाणी थोडं थोडं घाला. गार पाणी ओतलंत तर शिजणं थांबतं आणि वर पाण्याचा वेगळा थर राहतो.

भरड मुद्दाम मागे ठेवून घालायची एक जुनी युक्ती मात्र आहे. सुरुवातीलाच एक-दोन चमचे मीडियम भरड बाजूला काढून ठेवायची आणि उतरवायच्या सहा-सात मिनिटं आधी तशीच बारीक धारेने वैरायची. मऊ पॉरिजमध्ये थोडे कण अर्धवट कडक राहतात आणि चावायला काहीतरी मिळतं. ही भरड मोजलेल्या ७० ग्रॅममधलीच हवी, वरची नको.

टप्पा ७: मीठ कधी

स्कॉटलंडमध्ये यावर घरोघरी वाद आहे. काही जण आधणातच मीठ घालतात. दुसरे म्हणतात की आधी घातलेल्या मिठाने कण टणक राहतात, म्हणून दहा मिनिटांनी घालावं. मी दुसऱ्या बाजूचा, पण कारण वेगळं. शिजताना पाणी किती उडेल हे आच आणि झाकण ठरवतात. आधणात चवीपुरतं घातलेलं मीठ अर्ध्या तासाने जास्त होऊ शकतं आणि तेव्हा उपाय उरत नाही. म्हणून निम्मं मीठ दहा-बारा मिनिटांनी घाला, उरलेलं उतरवण्याच्या पाच मिनिटं आधी, चव बघून.

मीठ वगळू मात्र नका. ‘ओट्स बेचव असतात’ म्हणणाऱ्यांनी बहुधा मिठाशिवायच खाल्लेले असतात. मिठाने ओटची खमंग चव वर येते आणि साखरेची गरज बरीच कमी होते. डॉक्टरांनी मीठ कमी सांगितलं असेल तर त्यांचं ऐका. अशा वेळी वैरण्याआधी भरड कोरड्या कढईत मंद आचेवर तीन-चार मिनिटं वास सुटेपर्यंत भाजून घ्या, कमी मिठाची उणीव बरीच भरून निघते.

*तपासा:* एक कण दाताखाली चावा. मध्ये पांढरा, पिठूळ ठिपका लागला तर अजून पाच मिनिटं. काठी उचलली की पॉरिज जाड धारेने खाली यावं आणि पडलेली धार क्षणभर वर दिसून मग आत विरावी. ताटलीत ढीग करून राहत असेल तर पाणी कमी पडलं आहे.

टप्पा ८: उतरवणं आणि मुरणं

गॅस बंद करून झाकण लावून पाच मिनिटं ठेवा. या पाच मिनिटांत ते आणखी दाटतं, म्हणून हवं त्यापेक्षा जरा पातळ असतानाच उतरवायचं. वर पातळ साय धरली तर ती एकदा ढवळून आत घ्या.

टप्पा ९: खाण्याची रीत

सगळ्यात जास्त चुकतं ते इथे. दूध पॉरिजवर ओतायचं नाही.

पॉरिज खोल वाडग्यात वाढा. जुन्या घरांत हा वाडगा लाकडी असे. शेजारी प्रत्येकाची स्वतःची लहान वाटी, त्यात फ्रिजमधलं थंडगार दूध किंवा साय. चमच्यात गरम पॉरिज अर्धा भरून घ्यायचं, तो चमचा थंड दुधाच्या वाटीत बुडवायचा आणि मग तोंडात घालायचा. बाहेर थंड दूध, आत गरम पॉरिज. वाडग्यातलं पॉरिज शेवटपर्यंत गरम आणि दाट राहतं, दूध शेवटपर्यंत थंड. दूध वर ओतलं की दोन मिनिटांत सगळं कोमट आणि पातळ होतं, आणि मग ते ‘नीट करायला’ साखर लागते.

चमचा पूर्वी शिंगाचा असे. तो तापत नाही आणि ओठाला भाजत नाही. लाकडी चमचा तेच काम करतो.

पॉरिज उभ्याने खायची एक जुनी चाल आहे. तिची कारणं जो तो वेगळी सांगतो. मी बसून खातो, तुम्हीही खा.

दुधाऐवजी ताकही चालतं, आणि हे आपल्याकडे जोडलेलं नाही. लोणी काढून उरलेलं ताक पॉरिजसोबत खाणं स्कॉटलंडच्या शेतकरी घरांत रोजचं होतं. आपलं घरचं ताजं, आंबट न झालेलं ताक त्याच्या जवळ जातं. मसाला ताक नको. दूध आटलेल्या दिवसांत तिथे काळी बिअर किंवा काकवीही घेत.

साखर, मध आणि फळांबद्दल एवढंच सांगतो: आज स्कॉटलंडमध्येही कितीतरी लोक पॉरिज गोड खातात, त्यात अपराध नाही. पण आधी चार-पाच चमचे नुसते मिठाचे आणि थंड दुधाचे खाऊन पाहा, मग ठरवा.

वेळ नसेल तेव्हा: ब्रोझ

सकाळी तीस मिनिटं नाहीत म्हणून लोक इन्स्टंट पाकिटाकडे वळतात. स्कॉटलंडच्या ईशान्येकडचे शेतमजूर बॉथीत, म्हणजे शेतावरच्या मजुरांच्या खोलीत राहत. त्यांच्याकडेही वेळ आणि चूल दोन्हींची टंचाई असे. ते ब्रोझ करत, त्यात शिजवणं नाहीच.

एकासाठी वाडग्यात ४० ग्रॅम मीडियम भरड आणि चिमूटभर मीठ घ्या. खळखळतं पाणी साधारण १५० मिली एकदम ओता, चमच्याच्या दांड्याने भराभर ढवळा आणि वर ताटली झाकून पाच मिनिटं ठेवा. मग लोण्याचा लहान गोळा घाला आणि थंड दूध वेगळं घ्या. कण चावरे राहतात आणि भाजक्या ओटची चव पॉरिजपेक्षा ठळक लागते. इथे पाणी चहाच्या किटलीतलं, अगदी त्या क्षणी उकळलेलं हवं. थर्मासमधलं गरम पाणी ओतलं तर भरड कच्ची राहते. पिनहेडचा ब्रोझ होत नाही, तो प्रयत्न करू नका.

चपटे ओट्सच घरात असतील तर

जाड, साधे रोल्ड ओट्स घ्या, इन्स्टंट नकोत. ७० ग्रॅमला ५०० मिली पाणी उकळा, त्यात ओट्स घाला, मंद आचेवर आठ-दहा मिनिटं, मीठ शेवटी. कमीत कमी ढवळा. दूध तरीही वेगळ्या वाटीत. चव उतरलेली असेल, पण दुधात उकळलेल्या ओट्सपेक्षा ही न्याहारी कितीतरी चांगली.

उरलेलं पॉरिज

जुन्या घरांत उरलेलं पॉरिज लाकडी कपाटाच्या खणात ओतून गार करत, त्याच्या वड्या कापत आणि शेतावर नेत, असं सांगतात. खणाऐवजी तूप किंवा लोणी लावलेली स्टीलची थाळी घ्या. पॉरिज गरम असतानाच बोटभर जाडीचं थापा. कोमट झालं की झाकून फ्रिजमध्ये ठेवा, आपल्या हवेत तासाभरापेक्षा जास्त बाहेर ठेवू नका. दुसऱ्या दिवशी चौकोनी वड्या कापून तव्यावर लोण्यात दोन्ही बाजूंनी खरपूस भाजा. वडी तव्यावर टाकल्यावर पहिली तीन मिनिटं उलटू नका, खालची बाजू कुरकुरीत होऊन सुटल्याशिवाय उलटली तर ती मोडते. पातळ झालेल्या पॉरिजच्या वड्या पडत नाहीत. ते दुसऱ्या दिवशी थोडं उकळतं पाणी घालून, काठीने मोडत, मंद आचेवर गरम करा. दोन दिवसांच्या आत संपवा.

पातेलं रिकामं झालं की लगेच त्यात गार पाणी भरून ठेवा. गरम पाण्याने चिकटलेला स्टार्च आणखी घट्ट होतो. तासाभराने तळाचा थर अख्खा सुटून येतो, घासावं लागत नाही.